पाच जणांची एक फाइल : वर्ड प्रोसेसर वेगवेगळे असताना फॉरमॅट कसा ठरवला

जुन्या कागदपत्रांच्या जतनाविषयीचे एक हस्तपुस्तक पाच जणांनी मिळून लिहायचे ठरले आणि संकलनाचे काम माझ्याकडे आले. अकरा प्रकरणे, तीनशेहून अधिक तळटीपा, चाळीसेक तक्ते आणि शेवटी शब्दसूची असा त्याचा आवाका होता. आम्ही पाचही जण आपापल्या ठिकाणी, आपापल्या संगणकावर लिहिणारे. मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिबरऑफिस रायटर, गूगल डॉक्स आणि ॲपलचे पेजेस असे चार वर्ड प्रोसेसर आमच्यात वापरात होते, आणि ज्या दोघांकडे प्रोग्राम एकच होता त्यांच्या आवृत्त्यांमध्ये दहा वर्षांहून अधिक अंतर होते. मजकूर काय असावा, यावर आम्ही तीन बैठका घेतल्या. तो कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवून एकमेकांना पाठवायचा, याचा निर्णय मात्र मी पाच मिनिटांत एकट्याने घेऊन टाकला. पुढचे दोन महिने त्या पाच मिनिटांची भरपाई करण्यात गेले, आणि त्या दोन महिन्यांत जे कळले ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझा पहिला निर्णय ओडीटी, म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅटमधली मजकुराची फाइल, हा होता, आणि त्यामागे आळस नव्हता. ओपन डॉक्युमेंट हा फॉरमॅट ‘ओॲसिस’ या संस्थेने मे २००५ मध्ये मानक म्हणून स्वीकारला आणि २००६ मध्ये तो ‘आयएसओ २६३००’ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचे नियम कोणालाही वाचता येतात, कोणत्याही एका कंपनीच्या प्रोग्रामला तो बांधलेला नाही, आणि ब्रिटिश सरकारने जुलै २०१४ मध्ये आपल्या कार्यालयांतील संपादनक्षम दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी त्याचीच निवड केली होती. कागदपत्रांच्या जतनावरचे पुस्तक खुल्या मानकात लिहिले जावे, हे मला मनापासून योग्य वाटत होते आणि आजही वाटते. वर्डलाही ऑफिस २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००९ पासून, ओडीटी उघडता आणि साठवता येते. ‘उघडता येते’ आणि ‘साठवता येते’ या दोन शब्दांवर मी विसंबलो.

पहिली अडचण त्याच आठवड्यात आली. एका सहकाऱ्यांच्या प्रोग्रामला ओडीटी फाइल ओळखताच येत नव्हती, म्हणून त्यांच्यापुरती मी डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली, प्रत पाठवू लागलो. तेव्हा ही तात्पुरती सोय आहे असे मला वाटले. खरे तर त्या क्षणी एका पुस्तकाच्या दोन वंशावळी सुरू झाल्या होत्या.

दुसरी अडचण चौथ्या प्रकरणात आली. त्या प्रकरणावर मी ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची खूण फाइलमध्ये ठेवणारी सोय, चालू ठेवून एकशेचाळीसच्या आसपास दुरुस्त्या सुचवल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा शुद्धलेखनाच्या होत्या, काही वाक्यरचनेच्या होत्या, आणि काही ठिकाणी मला शंका होती म्हणून लेखिकेने खात्री करावी अशा हेतूने मी पर्यायी आकडा लिहिला होता. कागद ज्या खोलीत ठेवायचे तिथल्या आर्द्रतेची मर्यादा हा असाच एक आकडा. लेखिकेने लिहिलेला आकडा खोडलेला आणि माझा आकडा त्याच्या शेजारी रंगीत, अधोरेखित, अशा अवस्थेत फाइल त्यांच्याकडे गेली. त्यांनी ती आपल्या वर्ड प्रोसेसरच्या जुन्या आवृत्तीत उघडली, स्वतःची तीन वाक्ये घातली आणि साठवली. साठवताना ‘या फॉरमॅटमध्ये काही गोष्टी जतन होणार नाहीत’ अशा आशयाची एक चौकट आली होती. अशा चौकटी रोज इतक्या येतात की ‘होय’ म्हणून पुढे जाणे ही कोणाचीही सवय होते. त्यात त्यांची चूक होती असे मी मानत नाही.

फाइल माझ्याकडे परत आली तेव्हा ती अत्यंत स्वच्छ दिसत होती. एकही रंगीत अक्षर नाही, एकही खोडलेला शब्द नाही. माझ्या सगळ्या सूचना मान्य झाल्या असे समजून मी समाधानाने ती मुख्य प्रतीत घातली. आठ दिवसांनी लेखिकेचा निरोप आला : “तुम्ही सुचवलेल्या दुरुस्त्या मला दिसल्याच नाहीत, त्या केव्हा पाठवताय? आणि आर्द्रतेचा आकडा कोणी बदलला?” त्या प्रोग्रामने ओडीटी उघडताना ट्रॅक चेंजेसच्या खुणा दाखवल्या नव्हत्या आणि साठवताना त्यांची नोंदही ठेवलीच नव्हती, सगळ्या सूचना स्वीकारल्या आहेत असे धरून अंतिम मजकूर तेवढा लिहिला होता. माझी शंका कोणाच्याही संमतीवाचून विधान बनली होती, आणि मूळ आकडा कोणता होता याचा मागमूसही फाइलमध्ये उरला नव्हता. माझ्याकडे आधीची प्रत होती म्हणून तो परत मिळाला. मांडणी बिघडली तर ती निदान डोळ्यांना दिसते. इथे काही बिघडले आहे हेच दिसत नव्हते, आणि मी हादरलो ते त्यामुळे.

त्यानंतर मी काम थांबवले आणि सहकाऱ्यांकडून दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. फॉरमॅटबद्दल जे ऐकीव होते ते बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय टिकते आणि काय हरवते हे पाहायचे ठरवले.

त्यासाठी एक सहा पानांची चाचणीची फाइल तयार केली. पुस्तकात येणारी प्रत्येक गोष्ट तिच्यात एकदा तरी असेल अशी ती रचली : तीन पातळ्यांचे मथळे, आपोआप क्रमांक पडणारी यादी आणि तिच्यातली उपयादी, पाच तळटीपा, एक साधा तक्ता, रकाने एकत्र केलेला एक तक्ता, ओळीत बसवलेले एक चित्र, मजकुराच्या बाजूला तरंगते ठेवलेले दुसरे चित्र, एक टेक्स्ट बॉक्स, मागच्या परिच्छेदाकडे बोट दाखवणारा एक संदर्भ, सूचीसाठी खुणा केलेले चार शब्द, दोन शेरे, आणि ट्रॅक चेंजेसमध्ये एक शब्द घातलेला, एक काढलेला, एक जागा बदललेला. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्या एकाच वाक्यात येतील अशी काही वाक्येही मुद्दाम घातली. ही फाइल प्रत्येक सहकाऱ्याने आपल्या प्रोग्राममध्ये उघडायची, शेवटच्या परिच्छेदात स्वतःचे नाव लिहायचे, साठवायची आणि परत पाठवायची, एवढीच विनंती केली. नुसती उघडून पाहणे पुरेसे नाही हे चौथ्या प्रकरणाने शिकवले होते. बहुतेक प्रोग्राम दुसऱ्याची फाइल बऱ्यापैकी नीट वाचतात. जे त्यांना समजलेले नसते ते हरवते साठवताना. म्हणून फाइल जाऊन परत आली पाहिजे, आणि परत आल्यावर मूळ प्रतीशी ताडून पाहिली पाहिजे.

ही फेरी मी चार फॉरमॅटमध्ये केली : जुना डॉक, आरटीएफ, ओडीटी आणि डॉकएक्स.

डॉकविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वर्ड ९७ ते २००३ या काळातला हा द्विमान (बायनरी), म्हणजे डोळ्यांनी वाचता न येणारा, फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टने त्याचे तपशील २००८ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध केले, पण तोवर इतरांनी तो अंदाजाने उलगडूनच वाचला होता. तो आजही जवळपास सगळीकडे उघडतो. नवे काम मात्र त्यात सुरू करण्याचे एकही कारण मला सापडले नाही.

आरटीएफकडून मला मोठी आशा होती. १९८७ पासूनचा हा फॉरमॅट नावाप्रमाणे सजवलेला मजकूर वाहून नेण्यासाठीच मायक्रोसॉफ्टने तयार केला, आणि तो साध्या मजकूर-संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता येतो. मी तो तसा उघडला तेव्हा आमची मराठी वाक्ये कुठेच दिसेनात. जिथे ‘क’ हे अक्षर होते तिथे एक उलटी तिरकी रेघ, रोमन ‘यू’, २३२५ हा आकडा आणि शेवटी प्रश्नचिन्ह असे काहीतरी होते. २३२५ हा ‘क’चा युनिकोड क्रमांक, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातला क्रमांक, आणि प्रश्नचिन्ह हे युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेले बदली अक्षर. फॉरमॅट युनिकोडपूर्व काळातला असल्यामुळे देवनागरी मजकुराचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि प्रत्येक अनुस्वार अशा सात खुणांनी लिहिला जातो. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत त्याच अक्षराला तीन बाइट लागतात. चित्रे आकड्या-अक्षरांच्या जोड्यांत रूपांतरित होऊन साठवली जात असल्याने त्यांची जागाही जवळजवळ दुप्पट होते. एवढे सगळे सोसले असते, कारण मजकूर, तळटीपा आणि ठळक-तिरपी अक्षरे सर्वत्र नीट पोहोचली होती; परंतु शेरे एका प्रोग्राममध्ये गायब झाले, उपयादीचे क्रमांक दुसऱ्यात पुन्हा एकपासून सुरू झाले, आणि या फॉरमॅटच्या तपशिलाची शेवटची आवृत्ती २००८ ची असल्याने पुढे काही सुधारेल अशी आशाही नव्हती. पत्र, निवेदन, दोन-चार पानांची टिपणे यांसाठी आरटीएफ मला अजूनही भरवशाचा वाटतो. तीनशे तळटीपांच्या पुस्तकासाठी तो पुरणार नव्हता.

उरले ओडीटी आणि डॉकएक्स. या दोघांबद्दल एक गोष्ट मला आधी ठाऊक होती, पण तिचा उपयोग मी कधी केला नव्हता : दोन्ही फाइली आतून झिप पेट्या आहेत. फाइलची प्रत करून तिच्या नावाच्या शेवटी ‘झिप’ असे लिहिले की ती उघडता येते. ओडीटीच्या आत मजकुराची एक एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराची) फाइल, स्टाइलची, म्हणजे मथळे-परिच्छेद कसे दिसावेत याच्या ठरीव नोंदींची, दुसरी, फाइलविषयीच्या माहितीची तिसरी असते. डॉकएक्सच्या आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात मजकूर, स्टाइल, तळटीपा, शेरे, क्रमांकन यांची प्रत्येकी एक एक्सएमएल फाइल असते. एखादी गोष्ट हरवली की पेटी उघडून ती आत आहे का ते पाहायचे. आत असेल तर ती दाखवण्यात गोंधळ आहे, आणि आतच नसेल तर साठवतानाच गेली आहे. ही तपासणी हाताशी आल्यावर तर्कवितर्क संपले.

याच तपासणीत एक जुने कोडे सुटले. आमच्या चाचणीच्या फाइलमधला पहिला मथळा दोन जणांना मोठा आणि ठळक दिसत होता, आणि दोघांना अंगच्या मजकुराएवढाच लहान. फाइल तीच होती. प्रत्येकाने दुसऱ्याला ‘तुमच्याकडे काहीतरी बिघडले आहे’ असे कळवले होते. पेटी उघडून मथळ्याची नोंद वाचली तेव्हा अक्षराच्या आकाराचे दोन वेगवेगळे आकडे दिसले. पहिला ‘एस-झेड’ या नावाखाली ३२, दुसरा ‘एस-झेड-सी-एस’ या नावाखाली २४. डॉकएक्समध्ये आकार अर्ध्या पॉइंटात मोजतात, म्हणजे पहिला १६ पॉइंट आणि दुसरा १२ पॉइंट. ‘सी-एस’ म्हणजे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट, संयुक्त रचनेच्या लिप्या. देवनागरी, अरबी, हिब्रू यांचा समावेश त्यात होतो. अशा लिप्यांसाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा आणि तिरपेपणा यांच्या नोंदी रोमन लिपीहून वेगळ्या ठेवल्या जातात. ओडीटीतही हीच व्यवस्था आहे, फक्त नावे वेगळी. मथळ्याचा आकार वाढवताना ज्या प्रोग्राममध्ये तो वाढवला गेला, त्याने पहिला आकडा बदलला आणि दुसरा तसाच ठेवला. जे प्रोग्राम हा भेद पाळतात त्यांनी मराठी मथळा १२ पॉइंटात दाखवला, जे पाळत नाहीत त्यांनी १६ मध्ये. ठळकपणाचेही हेच झाले होते.

मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी हा अनुभव घेतला असेल आणि ‘मराठी असली की असेच होते’ म्हणून सोडून दिला असेल. तसे मुळीच नाही. उपाय अगदी साधा आहे : आकार आणि फॉन्ट मजकूर निवडून वरच्या पट्टीतून बदलायचा नाही, तो स्टाइलच्या चौकटीत जाऊन बदलायचा, आणि तिथे संयुक्त लिपीसाठी असलेला वेगळा रकाना भरायचा. लिबरऑफिसमध्ये हा रकाना दिसत नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन संयुक्त लिप्यांची सोय चालू करावी लागते. आम्ही दोन्ही आकडे सारखे केले, आणि मथळा पाचही ठिकाणी एकसारखा दिसू लागला. भाषेची खूणही तिथेच मराठी अशी लावली, म्हणजे शुद्धलेखन-तपासणीच्या लाल रेघांनी पाने भरून जाणार नाहीत.

फॉन्टचा प्रश्न याला जोडूनच होता. फाइलमध्ये सहसा फॉन्टचे नाव असते, फॉन्ट नसतो. ज्या संगणकावर तो नाही तिथे प्रोग्राम जवळचा वाटेल तो दुसरा घेतो, अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची बदलते, आणि चाळीसाव्या पानावरचा तक्ता एकेचाळिसाव्यावर जातो. रोमन लिपीसाठी यावर एक चांगली सोय झालेली आहे : कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ असे त्याच मापाचे मुक्त फॉन्ट उपलब्ध आहेत, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. देवनागरीच्या आमच्या फॉन्टांना असा मापाने जुळणारा जोडीदार नव्हता. म्हणून आम्ही सर्वांनी नोटो सेरिफ देवनागरी हा एकच फॉन्ट ठरवला. तो मुक्त परवान्याखाली आहे, कोणालाही उतरवून घेता येतो आणि फाइलबरोबर पाठवण्यात कसलीही परवान्याची अडचण नाही. फाइलमध्ये फॉन्ट अंतर्भूत करण्याचा पर्याय वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत आहे. आम्ही तो फक्त शेवटच्या प्रतीसाठी राखून ठेवला, कारण रोजच्या देवाणघेवाणीत त्याने फाइल विनाकारण जड होते.

आता निर्णय. डॉकएक्सविषयी माझ्या मनात जुना आकस होता, आणि तो निराधार नव्हता. एक्मा या मानकसंस्थेचे ‘एक्मा ३७६’ म्हणून हा फॉरमॅट डिसेंबर २००६ मध्ये मानक झाला तेव्हा त्याचा तपशील सहा हजारांहून अधिक पानांचा होता, तर ओपन डॉक्युमेंटच्या पहिल्या आवृत्तीचा सुमारे सातशे पानांचा. २००८ मध्ये तो ‘आयएसओ २९५००’ झाला, तोही बऱ्याच वादानंतर, आणि तेव्हा त्याचे ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘ट्रान्झिशनल’ असे दोन प्रकार पडले. पहिला स्वच्छ, दुसरा जुन्या वर्डच्या खोडी सांभाळणारा. जवळजवळ सगळे जण वापरतात तो दुसराच. वर्डही आपणहून दुसऱ्यातच साठवते. हे सगळे माहीत असूनही चाचणीचे निकाल माझ्या पसंतीच्या विरुद्ध गेले. पाचही जणांकडून परत आलेल्या डॉकएक्स फाइलींमध्ये ट्रॅक चेंजेस, शेरे आणि तळटीपा पूर्ण होत्या, कोणती दुरुस्ती कोणी व केव्हा केली त्या नोंदींसह. ओडीटीची फेरी दोघांकडे अपुरी राहिली : एकाकडे फाइल उघडलीच नाही, आणि एकाकडे पुन्हा तेच झाले जे चौथ्या प्रकरणात झाले होते. ज्यांच्याकडे ओडीटी नीट चालत होती त्यांच्याकडे डॉकएक्सही चालत होता. उलट मात्र खरे नव्हते. पाच जणांच्या साखळीत सर्वांत कच्च्या दुव्याला जे पेलते तेच घ्यावे लागते, आणि आमच्या साखळीत ते डॉकएक्स होते. मी सगळ्यांना कळवले : देवाणघेवाण फक्त डॉकएक्समध्ये, ट्रान्झिशनल प्रकारात, दुसऱ्या कोणत्याही प्रती नाहीत.

तरीही केवळ ‘डॉकएक्स’ म्हटल्याने काम होत नाही, हे त्याच निकालांनी दाखवले होते. तरंगते चित्र पाच ठिकाणी पाच जागी गेले. टेक्स्ट बॉक्स एका प्रोग्राममध्ये समासाबाहेर पडला. एकत्र केलेल्या रकान्यांचा तक्ता दोन फेऱ्यांनंतर एका बाजूने फाटल्यासारखा झाला. सूचीसाठी केलेल्या खुणा एका प्रोग्रामने साठवताना पुसून टाकल्या. दोन प्रोग्रामांत एकच फॉरमॅट असला तरी त्या फॉरमॅटचा प्रत्येक कोपरा दोघांनाही सारखाच ठाऊक असतो असे नाही. म्हणून फॉरमॅटच्या आत आम्ही आमच्यापुरती एक लहान हद्द आखली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले सर्वांत मोलाचे काम तेच ठरले. मथळे फक्त वर्ड प्रोसेसरच्या ठरीव स्टाइलने द्यायचे, कारण ‘मथळा १’, ‘मथळा २’ या अंगभूत स्टाइल प्रत्येक प्रोग्राम ओळखतो आणि अनुक्रमणिका त्यांवरूनच बनते. परिच्छेदांमधली मोकळी जागा एंटर दाबून द्यायची नाही, स्टाइलमधून द्यायची. चित्रे ओळीत अक्षरासारखी बसवायची, तरंगती ठेवायची नाहीत. टेक्स्ट बॉक्स वापरायचा नाही. चौकटीतला मजकूर हवा असेल तर एका रकान्याचा तक्ता करायचा. तक्त्यात रकाने एकत्र करायचे नाहीत आणि तक्त्याच्या आत तक्ता घालायचा नाही. तळटीपा प्रोग्रामच्या सोयीनेच घालायच्या, हाताने वर आकडा लिहून नाही. सूचीच्या खुणा कोणीच करायच्या नाहीत. ते काम सर्व मजकूर गोळा झाल्यावर मी एकटा करणार होतो.

रकाने एकत्र न करण्याच्या नियमाला एका सहकाऱ्यांचा विरोध होता, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांच्या प्रकरणात कीटकांचे प्रकार आणि त्यांनी केलेले नुकसान यांचा जो तक्ता होता, त्यात एका कीटकासमोर तीन-तीन ओळी येत आणि कीटकाचे नाव तीन वेळा लिहिणे वाचकाला खटकले असते. आम्ही तो तक्ता कीटकागणिक लहान-लहान तक्त्यांत मोडला आणि कीटकाचे नाव वर मथळा म्हणून घेतले. वाचायलाही ते अधिक सोपे झाले, असे त्यांनीच नंतर सांगितले.

जुनी प्रकरणे नव्या हद्दीत आणण्याचे काम कंटाळवाणे होते. कोणीतरी पाच वर्षांपूर्वीच्या टिपणातून उचललेल्या मजकुरासोबत सत्तावीस निरनिराळ्या स्टाइल आल्या होत्या. दुसऱ्या एका प्रकरणाच्या वर ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे शब्द दिसत, कारण ती फाइल मुळात जुन्या डॉकमधून आलेली होती आणि वर्ड तिला जुन्या नियमांनी वागवत होते. अशी फाइल नव्या प्रकारात रूपांतरित करण्याची सोय वर्डमध्येच आहे. इतर ठिकाणी मी सरळ मार्ग घेतला : सगळा मजकूर सजावटीविना एका कोऱ्या साच्यात चिकटवला आणि मथळे, याद्या, ठळक शब्द पुन्हा दिले. यात तळटीपा गळतात, म्हणून ज्या प्रकरणांत त्या होत्या तिथे हा मार्ग चालला नाही. तिथे एकेक परिच्छेद घेऊन स्टाइल बदलावी लागली.

एका वेळी एका प्रकरणावर एकच जण काम करेल, हा नियम फॉरमॅटचा नव्हे, पण तो नसता तर फॉरमॅटने काही साधले नसते. फाइलच्या नावात प्रकरणाचा क्रमांक, तारीख आणि शेवटी हात लावणाऱ्याची आद्याक्षरे लिहायची. परत आलेली फाइल मुख्य प्रतीत घालण्याआधी मी तीन गोष्टी मोजायचो : तळटीपांची संख्या, शेऱ्यांची संख्या आणि प्रलंबित दुरुस्त्यांची संख्या. पाठवताना जे आकडे होते त्यांच्याशी परत आलेले आकडे जुळले नाहीत तर फाइल तशीच परत जायची. चार महिन्यांत असे दोनदाच झाले. एकदा दोन तळटीपा कमी भरल्या, त्या लेखकाने स्वतःच काढलेल्या निघाल्या. दुसऱ्यांदा सगळे शेरे नाहीसे झालेले होते. चौकशी केली तेव्हा कळले की त्या दिवशी फाइल मोबाइलवरच्या एका साध्या ॲपमध्ये उघडून साठवली गेली होती. आम्ही आधीची प्रत घेतली, त्यातली दोन वाक्ये हाताने पुन्हा लिहिली, आणि मोबाइलवर फक्त वाचायचे असे ठरले.

ओडीटी मी सोडली नाही, तिची जागा तेवढी बदलली. प्रत्येक प्रकरण पूर्ण झाल्यावर, सर्व दुरुस्त्या मान्य किंवा अमान्य होऊन मजकूर कायम झाल्यावर, मी त्याची एक प्रत ओडीटीत करून ठेवू लागलो. त्या टप्प्यावर ट्रॅक चेंजेस नसतात, फाइल माझ्याच संगणकावर असते, आणि आमच्या लहानशा हद्दीत राहिलेला मजकूर डॉकएक्समधून ओडीटीत काहीही न गमावता जातो. पहिल्या तीन प्रकरणांची पेटी उघडून मी हे ओळीओळीने ताडून पाहिले. वाचण्यासाठी आणि दीर्घकाळ ठेवण्यासाठी पीडीएफ-ए ही तिसरी प्रत. ‘आयएसओ १९००५’ या मानकाप्रमाणे तिच्यात वापरलेले फॉन्ट आत असावेच लागतात, त्यामुळे वीस वर्षांनी नोटो सेरिफ कोणाच्या संगणकावर असो वा नसो, पान आज दिसते तसेच दिसेल. ती प्रत संपादनाच्या उपयोगाची नाही, आणि म्हणूनच ती एकटी पुरेशी नाही. मजकूर बदलायचा झाला तर ओडीटी, पान जसेच्या तसे पाहायचे झाले तर पीडीएफ-ए, आणि दरम्यान पाच जणांच्या हातांतून फिरायचे झाले तर डॉकएक्स, अशी तिघांची कामे वाटली गेली.

शेवटी अकरा प्रकरणे एका फाइलमध्ये आणली, सूचीच्या खुणा केल्या आणि अनुक्रमणिका तयार केली. फॉन्ट अंतर्भूत करून ती प्रत पाचही जणांना पाठवली आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारले : एकूण तळटीपा किती, शेवटच्या तळटीपेचा पहिला शब्द कोणता, आणि चौथ्या प्रकरणातला आर्द्रतेचा आकडा काय. संध्याकाळपर्यंत पाच उत्तरे आली. तळटीपा तीनशे बारा, शब्द पाचही ठिकाणी एकच, आणि आकडा लेखिकेने मुळात लिहिला होता तोच.